मेणाखालचं झाकण

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज हरमलला आमच्या बाटलीने एका माणसाचं डोकं फुटलं.

किनाऱ्यावरच्या शॅकवाल्या स्वप्नीलचा फोन मीच घेतला. रुद्रेशभावजी पणजीला गेले होते. (कारखान्यात ते मालक, घरी माझ्या नवऱ्याचे, सुदेशचे, थोरले चुलतभाऊ. दुसऱ्यांशी बोलताना त्यांना काय म्हणावं, हे मला अजून जमत नाही.) गिऱ्हाईक म्हणालं, बिअर मेलेली आहे, फेस नाही, नकली आहे. स्वप्नील म्हणाला, सील बघा, मेण शाबूत आहे. गिऱ्हाईकाने दुसरी मागवली. तीही तशीच. मग त्याने ती मानेला धरली आणि वेटरच्या कानशिलावर घातली. कान अर्धा लोंबत होता म्हणे.

स्वप्नील सारखा एकच सांगत होता — 'मॅडम, काच फुटली, पण मानेवरचं मेण तसंच!'

त्या मेणाचा त्याला अभिमान वाटत होता की राग, कळलं नाही.

मी रसायनशास्त्र शिकले आणि पार्स्याच्या सड्यावरच्या या कारखान्यात बिअर तपासते. तरी त्या लाल मेणाचा नेमका उपयोग काय, हे मला कोणी विचारलं तर मी हसते. झाकण मशीनने दाबून बसवलेलं असतं. आत प्लास्टिकची चकती असते. गॅस अडवते ती चकती. मेण नुसतं वरून बसलेलं, वरातीतल्या करवलीसारखं. फेणीच्या पिंपात मुरवलेली बिअर आहे, महाग आहे, म्हणून थाट. दिवाळीपासून भावजींना मेणाचे ओघळ लांब हवेत, पार लेबलापर्यंत आलेले. पर्यटक फोटो काढतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भावजी आले ते ओरडतच. 'सील शाबूत आणि आतली बिअर मेलेली. म्हणजे कोणीतरी उघडली, प्यालो, पाणी भरलां आणि परत मेण लावलां. वाटेत. वाटेत कोण असता?'

वाटेत बाबली असतो. तेरेखोल नदीच्या पलीकडचा, सातार्ड्याचा. कारखान्यापासून शॅकपर्यंत टेम्पो तोच नेतो.

मी म्हटलं, 'भावजी, मेण शाबूत असणं हा पुरावाच नव्हे. झाकण काढून, परत बसवून, वर मेण लावायला मला पाच मिनिटं पुरतील. कोणाला कळणारही नाही.'

मला म्हणायचं होतं की मेणावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यांनी टेबलावर हात आपटला. 'तेच म्हणतंय मी, सुमंगला! आता तूच सांगलंस, सोपां आसा म्हणान.'

मी पुढे बोलले. समजावलं. पण पहिलं वाक्य दाराबाहेर गेलं होतं. संध्याकाळी लोडिंगची माणसं एकमेकांना सांगत होती — सुमंगलाबाय म्हणाली, पाच मिनिटांत होतं.

खरं बोलले होते. खरं बोलण्याआधी ऐकणारा कोण आहे हे बघायचं असतं का? की तो खोटेपणाच झाला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिते. उद्या मी आजचं बदलून आठवेन.

कारखान्यामागे सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा, जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. जागा त्याची, आम्ही कुळं. हंगामाची पहिली बाटली त्याला जाते, नारळ आणि विडीबरोबर. बायका तिथे जात नाहीत. मी बाटल्या भरायच्या खोलीच्या खिडकीतून बघत होते.

जेवणानंतर सगळ्या पुरुषांना बोलावलं. बाबलीला मध्ये उभा केला. सगुणबाबांनी गाऱ्हाणं घातलं. ते आमचे जुने वॉचमन, दर वर्षी तेच घालतात. 'बा देवा म्हाराजा, ह्या जाग्यार कोणी चोरी केली आसात तर तेका आज उघड कर म्हाराजा.' 'व्हय म्हाराजा,' सगळे म्हणाले. हे 'व्हय' मी दर वर्षी ऐकते. आज त्याला दात होते.

मग भावजींनी हरमलहून परत आलेल्या क्रेटमधली एक बाटली दगडापुढे ठेवली. 'बाटली बोलली तर तू सुटलंस. गप ऱ्हवली तर देवानच सांगलां.'

असला कौल आमच्याकडे कधी कोणी लावलेला नाही. तांदूळ लावतात, पाकळ्या लावतात. बाटलीचा आवाज म्हणजे कौल, हे भावजींनी तिथल्या तिथे ठरवलं. आणि एकानेही विचारलं नाही, हे कधीपासून.

बाबली म्हणाला, 'चलात. माका कसली भीती नाय.'

ओपनर मेणात घुसला. मेणाचे तुकडे उडाले. झाकण निघालं.

आवाज नाही. फुसकासुद्धा नाही.

पहिली थप्पड भावजींची. मग बाकीचे. चपला, कमरेचे पट्टे, क्रेटची फळी. सगळी ओळखीची माणसं. सकाळी मी त्यांना चहा विचारते. बाबली खाली पडल्यावर त्याच्या पाठीवर लाथा बसत होत्या त्याचा आवाज खिडकीपर्यंत येत होता — ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. 'चोर! भायलो! आमच्या देवाक फसयतां!' मध्येच कोणीतरी म्हणालं, 'सील मारूया रे चोराक.' आणि लोक हसले. हसले हे मी ऐकलं.

सुदेश माझ्या खोलीत आला. शेगडीवरचं मेणाचं पातेलं फडक्याने उचललं. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, 'रुद्रेशदादान सांगलां.' मी पातेल्याचा कान धरला. चटका बसला. सोडला.

धरून ठेवला असता तर तो थांबला असता का? बोटावर फोड आहे. छोटा.

मी धावले. चप्पल घालून, दगडाच्या हद्दीत. पोचेपर्यंत बाबलीचा उजवा हात उलट्या क्रेटवर दाबलेला होता. मनगट सुदेशने धरलं होतं. भावजींनी ओतलं.

लाल मेण. बोटं वेगळी दिसेनाशी झाली. बाबली ओरडला तो माणसाचा आवाज नव्हता. सातविणीवरचे कावळे उठले.

मी भावजींना छातीवर धक्का मारला. पडले. 'मेण ओढू नका, पाणी ओता,' असं मी ओरडत होते. सगुणबाब माझ्या पायांकडे बघत होते. चपलांकडे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुदेश जेवला. मी त्याचा हात बघत होते, भात कालवताना.

१६ फेब्रुवारी, रविवार

म्हापशाच्या इस्पितळात गेले. बाबलीच्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. दोन बरगड्या मोडल्यात. एक डोळा मिटलेला. त्याची बायको तारा बाहेर बाकावर भेटली. मी फळं नेली होती. ती पिशवी कुठे ठेवावी हे मला कळेना.

तारा म्हणाली, 'हात बरो होतलो हो. पण चोराची बायल म्हणान माका गावात तोंड दाखवूक जावचा नाय. देवानच सांगलां म्हणतत. देवाच्या फुडे मी काय सांगू?' मग माझ्याकडे नीट बघून, 'तुमी शिकलेली माणसा. तुमीच म्हणालास ना, पाच मिनिटात होता?'

मी म्हटलं, तसं नव्हतं म्हणायचं.

'मगे कसा होता?'

उत्तर शोधलं पाहिजे. बाबलीने बाटल्या उघडल्या नसतील, तर त्या मेल्या कशाने?

१७ फेब्रुवारी, सोमवार

भावजींनी बाबलीवर चोरीची तक्रार दिली. मेणाचं पातेलं मारामारीत सांडलं म्हणे.

पोलीस जबान्या घ्यायला आले. मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं. मी सांगितलं, मेण रुद्रेशभावजींनी ओतलं. आणि मनगट कोणी धरलं होतं, त्यांनी विचारलं. लिहिणाऱ्याने वर बघितलं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने धरलं होतं.

हे शौर्य नाही. न सांगण्याचं धाडस झालं नाही, एवढंच. दोघांना बोलावून घेतलं. जामिनावर घरी आले.

दुपारी कोठारातून हरमलला न गेलेली एक बाटली आणली. बाबलीच्या टेम्पोत कधीच न चढलेली. उघडली.

मेलेली.

दुसरी. मेलेली. तिसरी जरा कुजबुजली. ऑक्टोबरमधली एक उघडली, तिचा फेस टेबलभर झाला.

दिवाळीनंतर बदललं काय? बिअर तीच, झाकणं तीच, मशीन तेच. फक्त मेण. ओघळ लांब हवेत म्हणून आम्ही ते जास्त तापवायला लागलो. एकदा बुडवायचं तिथे दोनदा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एकाच टाकीतली, एकाच दिवशी भरलेली बिअर घेतली. काही बाटल्या बिनमेणाच्या. काही जुन्या पद्धतीच्या, कोमट मेणात एकदा बुडवलेल्या. काही भावजींच्या पद्धतीच्या, कडकडीत आणि दोनदा. तिन्ही कोठारात एकाच फळीवर ठेवल्या.

कडकडीत मेण सुकताना भिंगाने बघितलं. सुईच्या टोकाएवढे बुडबुडे वर येत होते, आणि जागच्या जागी थिजत होते. खालून काहीतरी निसटतंय. झाकणातली चकती उष्णतेने मऊ पडत असणार.

म्हणजे ज्या मेणाला मी निरुपयोगी म्हणत होते ते निरुपयोगी नाही. ते झाकणाला मारतं आणि वर शाबूत दिसतं.

अजून सिद्ध काही नाही. दोन आठवडे थांबायचं. तारा रोज फोन करते आणि 'सहज केला' म्हणते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हरमलच्या त्या वेटरच्या दोघा भावांनी सातार्ड्याला जाऊन बाबलीच्या घराची कौलं फोडली. तारा आत होती. डोक्यात कौल पडलं.

या दोघांना बाबली चोर आहे हे कोणी सांगितलं? 'देवान सांगलां.'

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास. दोघांचाही.

सुदेश म्हणाला, जबानी मागे घे. मी नाही म्हटलं. 'भाऊ आसा तो माझो.' मी म्हटलं, बाबली कोणाचा तरी भाऊ असेलच. तो म्हणाला, 'तो चोर! कौलात आला ता.' मी म्हटलं, आणखी एक आठवडा थांब, मी दाखवते तो चोर नाही.

त्याने मारलं. तोंडावर, उलट्या हाताने. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मी साबुदाण्याच्या कढईतली पळीसारखी दवली उचलून त्याच्या मनगटावर मारली. त्याच मनगटावर — ज्या हाताने धरलं होतं. गरम साबुदाणा चिकटला. तो ओरडला. मी परत मारली. दुसरी गरजेची नव्हती. बरं वाटलं.

हे बरं वाटणं मी लिहून ठेवते आहे. त्या दुपारी सातविणीखाली त्यांनाही असंच वाटलं असेल? हसले होते ते.

नंतर त्याच्या हाताला मीच मलम लावलं. त्याने लावू दिलं. 'रुद्रेशदादान सांगलां, आणि मी धरलां,' एवढंच म्हणाला. 'सोडून देवक होया होतां. कसो सोडतलंय, सगळे बघत होते.'

२ मार्च, रविवार

माहेरी गेले होते. बाबांची फेणीची भाटी पेटलेली. काजू यंदा लवकर आलेत. भांड्याच्या तोंडाला वारुळाची माती थापताना त्यांना बघत बसले. तडा दिसला की लगेच ओला हात फिरवतात. वाफ निसटली तर फेणी निसटली. त्या मातीला कोणी बघत नाही, तिचा फोटो काढत नाही. काम झालं की ती फोडून टाकतात.

बाबांनी गाल बघितला. निघताना म्हणाले, 'सुदेशाक म्हणां माका येवन भेट.' हातात कोयता होता.

मी म्हटलं, नको बाबा. फिटलंय.

हे तरी खरं का?

५ मार्च, बुधवार

आज.

सगुणबाबांना मी काल जाऊन सांगितलं होतं, माणसं बोलवा, त्या दिवशी होती तीच. बाटल्या सातविणीखाली नेल्या नाहीत. अंगणात टेबल मांडलं. तारा आली होती, डोक्याला पट्टी. बाबली रिक्षात बसून राहिला. उतरायला तयार नव्हता. भावजी दारात उभे. सुदेश त्यांच्या मागे.

मी बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, या बाटल्या बाबलीने बघितल्याही नाहीत. तो इस्पितळात होता. एवढंच. मग उघडायला घेतल्या.

बिनमेणाच्या — फस्स. प्रत्येक. एकीचं झाकण उडून मागच्या माणसाच्या छातीवर लागलं, कोणीतरी 'आगो बाय' म्हणालं. कोमट मेणाच्या — त्याही बोलल्या. मग भावजींच्या मेणाच्या.

पहिली गप्प. दुसरी गप्प. तिसरीने एक लहानसा उसासा टाकला. चौथी गप्प. मी ओपनर सगुणबाबांच्या हातात दिला. पाचवी त्यांनी उघडली. कानाजवळ धरली. गप्प.

बाटली त्यांनी परत टेबलावर ठेवली. सगुणबाब म्हणाले, 'मगे वयनी, देव खोटो?'

याच प्रश्नाची मला भीती होती. मी म्हटलं, 'देव खोटा नाही, बाबा. आपण त्याच्यापुढे खराब केलेली बाटली ठेवली. तो काय बोलणार?'

म्हातारा खाली बसला. ज्या फळीने त्यांनीही एक घाव घातला होता, तसलीच एक फळी तिथे पडली होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

भावजी पुढे आले. मला वाटलं मारणार. त्यांनी टेबलाचा पाय धरून टेबलच उलथवलं. बाटल्या फुटल्या. काच सगुणबाबांच्या पिंढरीत घुसली. 'माझ्या कारखान्यात माका शिकयता!' आणि मग जे झालं ते मला कळायच्या आत झालं. त्या दिवशी बाबलीला मारणारेच भावजींवर धावले. 'आमच्या हातान पाप करून घेतलंस!' त्याच चपला, तेच पट्टे. सुदेश मध्ये पडला, त्यालाही बसल्या. मी ओरडत होते. या वेळी काय ओरडत होते ते आठवत नाही.

रिक्षातून बाबली बघत होता. चेहऱ्यावर आनंद नव्हता. भीती होती.

६ मार्च, गुरुवार

भावजींचे दोन दात गेले, खांदा निखळला. चोरीची तक्रार मागे घेतली. त्यांच्यावरची मेणाची केस चालू राहील. माझी जबानी आहे तशीच आहे.

सगुणबाब लंगडत सातार्ड्याला जाऊन आले. बाबलीच्या अंगणात, सगळ्या वाडीसमोर सांगून आले — चोर नाय. तारा फोनवर रडली. 'वयनीनू, तुमी देवापरीस मोठ्यो.' मी म्हटलं, असं बोलू नये. मनात मात्र — आवडलं. ऐकायला फार आवडलं.

कारखाना बंद आहे. मेणाचं पातेलं पोलीस घेऊन गेले.

९ मार्च, रविवार

बाबलीचा फोन, मी भांडी घासत असताना. पहिल्यांदाच बोलला माझ्याशी.

'वयनीनू, तुमका फसवन माका पचाचा नाय. त्या खेपेक दोन बाटल्यो मी उघडलेलंय. मांद्र्याच्या चढार, उनात. अर्धी अर्धी प्यालंय, पाणी घातलंय, झाकण बसवलंय, वरसून लायटर फिरवलंय. कोणाच्या वाट्याक गेल्यो, देवाक म्हायत. कौलाची बाटली मात्र मी हात लावलेली न्हय, तिच्या मेणार लायटराची खूण नाय होती, म्हणान उभो रवलंय.'

मी विचारलं, ताराला सांगितलंस? नाय, म्हणाला. 'सगुणबाबांक सांगूचा म्हणतंय.'

तीन आठवडे मी एकच सिद्ध करत होते, तो चोर नाही. चोर असता तर मेण ओतायला हरकत नव्हती, असंच माझं म्हणणं झालं ना? एकदाही, एकालाही मी दुसरं काही म्हटलं नाही.

मी म्हटलं, 'कोणाला सांगायचं नाही, बाबली. देवालासुद्धा नाही.' आणि फोन ठेवला.

सुदेशने विचारलं, कोण गो?

म्हटलं, राँग नंबर.